वर्षभर हात लागला नाही म्हणून मोडीत?

गोदाकाठ: काल एका ताईंनी इथे लिहिलं, दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा केला, वर्षभर न वापरलेलं सगळं काढलं, सासूबाईंची पितळी भांडी मोडीत घातली आणि 'मन हलकं झालं'. होणारच, एवढा मोठा हंडा गेला! आमचं मोठं पातेलं फक्त गौरी जेवतात तेव्हा निघतं. काठावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव, शेजारी लग्नाची तिथी. ही अडगळ?

सिडकोकर: वाडेवाल्यांनी खुशाल आठवणी जपाव्यात. आमच्या दोन खोल्यांत बंद मिक्सर, टीव्हीचा खोका आणि 'लागेल कधीतरी' म्हणून बाबांनी साठवलेल्या वायरी. लागत काहीच नाही, ठेच तेवढी लागते.

पंचवटीकर: नाशिकचा २ ऑगस्ट २०१६ चा पूर विसरलात? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं तसं हाताला येईल ते माळ्यावर फेकलं. खाली राहिलेलं प्लायवूडचं कपाट फुगून गेलं. पितळ चिखलातून काढलं, चिंचेनं घासलं, लख्ख!

सिडकोकर: म्हणजे पुराची वाट बघत हंडे सांभाळायचे. छान.

तांबटगल्ली: ते राहू द्या, मोडीत भाव काय दिला? डाग देऊन जोडलेलं भांडं म्हणून वजनात घट धरली असणार. गिऱ्हाईक घाईत असलं की तराजूही घाईत असतो.

गोदाकाठ: ठेवलं तरी कल्हईवाला कुठे मिळतो आता?

तांबटगल्ली: मिळतो, पण भांडं तापवून नवसागर टाकणारा आणि कथील फिरवून कापसाने पुसणारा बघा. नुसती चकाकी बघून पैसे देऊ नका.

पंचवटीकर: स्टीलच्या पिढीला सांगून काय उपयोग? बिनकल्हईच्या पितळीत ताक कळकतं हेही ठाऊक नसेल.

मूळ पोस्टवाली: ठाऊक आहे काका, कळकलेलं ताक मीच ओतून दिलंय. घासायचं मी, वर चढवायचं मी, उमाळे तुम्हाला! तुमच्या घरी चिंच कोण लावतं? आणि भांडी काढ म्हणून सासूबाईंनीच सांगितलं. त्यांच्या हाताने उचलवत नव्हती.

पंचवटीकर: ...बायकोच घासते. झालं समाधान?

गोदाकाठ: सासूबाईंनी सांगितलं असेल तर आपण कोण बोलणार! पण एक वाटी तरी ठेवायची होती.

मूळ पोस्टवाली: ठेवलीय. पोस्टमध्ये लिहिलं नाही, नाहीतर तुम्ही भांडला कशावरून असतात?

सिडकोकर: बाबांच्या वायरी कुणाला हव्यात का? फुकट.