आजीची पाखरांची वही

आजी: आज अंगणातल्या दाण्यांवर आलेल्या पाखरांची मोजणी, सकाळी आठ ते साडेनऊ. चिकडी ४, जुंको ७, लाल कार्डिनल नर-मादी २ (दोघं एकदमच आली), ब्लू जे १, होल्यासारखे ३, चिमण्या ५. बाहेर उणे १४.

मामा: आई, चिकडी चारच? काल फोनवर म्हणालीस सारखी ये-जा चालू आहे. तासात पंचवीस वेळा आली असेल तर पंचवीस लिही ना.

आजी: नाही रे. ती एक सूर्यफुलाचं बी उचलते आणि लगेच उडते. फांदीवर बसून ते पायात धरते, चोचीने फोडते, की परत हजर. पंचवीस खेपा त्याच चौघींच्या असतील. म्हणून एका नजरेत एकदम जास्तीत जास्त दिसतील तेवढ्याच लिहायच्या. बेरीज करायची नाही.

ताई: मामा, आजी बरोबर आहे, नियमच आहे तो. प्रोजेक्ट फीडरवॉच, म्हणजे दाण्यांवर येणारी पाखरं लोकांनी मोजून कळवायचा उपक्रम. १९७६ मध्ये इथेच कॅनडात, ऑन्टारिओत सुरू झालं, १९८७ च्या हिवाळ्यापासून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या साथीने अमेरिका-कॅनडाभर. नोव्हेंबर ते एप्रिल. लागोपाठ दोन दिवस मोजायचं, मग निदान पाच दिवस थांबायचं.

मावशी: चिकडी म्हणजे कोण गं?

आजी: आपल्या रामगंग्याच्या जातकुळीतली. काळी टोपी, पांढरे गाल, मुठीएवढा जीव. एवढ्या थंडीत कशी तगते, रोज नवल वाटतं.

मावशी: आणि चिमण्या आपल्याच?

ताई: हो, त्याच. १८५० च्या सुमाराला युरोपातून ब्रुकलिनला आणून सोडल्या, तिथून पसरल्या. इथल्या ब्लूबर्डची घरटी बळकावतात म्हणून त्या लोकांना फारशा आवडत नाहीत.

आजी: मला आवडतात. बाकी सगळ्यांची नावं इंग्रजीत, हिचं मात्र मी मराठीत लिहिते.

मावशी: मीही नाशिकला गॅलरीत दाणे ठेवू का?

ताई: दाणे नको मावशी, कबुतरं येतील. पाण्याचं पसरट भांडं ठेव, रोज घासून. आणि फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे घराजवळची पाखरं मोजायचा उपक्रम असतो चार दिवस, भारतातही होतो. पंधरा मिनिटं गॅलरीत उभी राहा आणि बुलबुल, शिंपी, धोबी, जे दिसेल ते ई-बर्डवर, म्हणजे पाखरांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाक.

(दुसऱ्या दिवशी)

आजी: दीड तास बसले, एक पाखरू नाही. मग बघते तर मेपलच्या झाडावर कूपर्स हॉक. पाखरांची शिकार करणारा, आपल्या शिक्र्यासारखा, पण मोठा.

मामा: अरेरे. मग आजचा दिवस सोडून दे, उद्या मोज.

ताई: नको मामा! पाखरं भरपूर आली तेच दिवस लिहिले तर आकडे खोटे ठरतात. ओस पडलेला दिवसही कळवायचा असतो. आणि पाखरांच्या मागे आलेला असा शिकारी पक्षीही मोजणीत धरायचा.

मावशी: आई, वाईट वाटलं का गं?

आजी: थोडं वाटलं. त्यालाही पोट आहे. लिहिलं आहे वहीत: कूपर्स हॉक १, बाकी कुणी नाही.