रील्स आणि पेपर वाचन: आर -०.४२ आलाय, आता लिहू काय?

चहाबाज_एमए
मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दहावीनंतर गणिताशी कट्टी. डिझर्टेशनसाठी ६० जणांकडून गुगल फॉर्म भरून घेतला, रोज किती तास रील्स बघता आणि किती मिनिटं पेपर वाचता. मैत्रिणीने एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून दिलं तर कोरिलेशनचा आर -०.४२, सिग .००१ आणि रिग्रेशनमध्ये कॉन्स्टंट ३१, बी -६ आलं. गाईड मॅडम ‘याचा अर्थ लावून आण’ म्हणाल्या आणि मीटिंगला निघून गेल्या. मी लिहिलंय ‘रील्समुळे वृत्तपत्र वाचन ४२ टक्क्यांनी घटतं’. चालेल ना? आणि कोरिलेशन काढल्यावर परत रिग्रेशन कशाला?

खडू_फळा
आधी ते ४२ टक्के खोड बाई. आर म्हणजे टक्के नव्हेत, तो -१ ते +१ मध्ये फिरतो, उणे आहे म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी होताना दिसतं, आणि ०.४२ म्हणजे मध्यम. टक्क्यांत बोलायची हौसच असेल तर वर्ग कर, ०.१८ येईल, म्हणजे लोकांच्या वाचनात जो कमीजास्तपणा आहे त्यातला १८ टक्केच रील्सच्या तासांशी जुळतो.

रिग्रेशन वेगळं सांगतं, रील्सचा एक तास वाढला की वाचन किती मिनिटांनी कमी दिसतं ते. तुझा कॉन्स्टंट ३१ आणि बी -६, म्हणजे मिनिटं = ३१ − ६ × तास. २ तासवाल्याचा अंदाज १९ मिनिटं, ३ तासवाल्याचा १३. आता ६ तास घालून बघ, उणे ५ मिनिटं! तो काय वाचलेला पेपर परत करतो का? म्हणून डेटात जेवढे तास आलेत त्याच्या बाहेर रेषा ओढायची नाही.

निवांत_पुणेकर
आणि ‘मुळे’ शब्द काढा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

जुनी_वही
नाही हो, इथे कावळा लागू नाही. कावळा म्हणजे योगायोग, आणि निव्वळ योगायोगाने एवढा आर येणं किती अवघड हे त्या सिगच्या .००१ ने सांगितलंय. इथे शंका वाऱ्याची आहे, वाऱ्यानेच कावळा उडाला आणि वाऱ्यानेच फांदी हलली असं तर नाही? माझा संशय वयावर.

तुमच्या सिलॅबसमध्ये अजेंडा सेटिंग असेलच, म्हणजे माध्यमं ज्या मुद्द्यांवर भर देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात हा सिद्धांत. मॅकॉम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपेल हिलच्या १०० अनिश्चित मतदारांना विचारलं की महत्त्वाचे मुद्दे कुठले, आणि माध्यमांनी कशावर भर दिला ते मोजलं. कोरिलेशन आलं ०.९६७! सगळे तोंडात बोटं घालतात, पण कोरिलेशन माणसांचं नाही, मुद्द्यांचं आहे: एकेका मुद्द्याला माध्यमांचा भर आणि लोकांनी दिलेलं महत्त्व अशी जोडी. म्हणून जोड्या १०० नाहीत, मुख्य मुद्दे पाचच, म्हणजे जोड्या पाच. शिवाय माध्यमांनी लोकांच्या डोक्यात घातलं की लोकांना हवं तेच माध्यमांनी छापलं, हे ०.९६७ ला विचारून कळत नाही. म्हणून तर पुढे आयेंगार आणि किंडर यांनी बातम्यांचे बुलेटिन एडिट करून लोकांना दाखवण्याचे प्रयोग केले.

तू फॉर्म कुणाला पाठवला होतास?

चहाबाज_एमए
होस्टेलच्या ग्रुपवर आणि बाबांच्या सोसायटीच्या ग्रुपवर 🙈

जुनी_वही
झालं! होस्टेलवर रील्स भरपूर आणि पेपर येतच नसेल, सोसायटीत काकांचा पेपर सकाळी दारात. स्कॅटर प्लॉट काढ, म्हणजे प्रत्येक माणसाचा एक ठिपका, दोन वेगळे पुंजके दिसतील बहुतेक. मग दोन्ही गटांचं कोरिलेशन वेगवेगळं काढ, तिथे आर शून्याजवळ गेला तर रील्सचं काही नाही, किंवा रिग्रेशनमध्ये वय दुसरं व्हेरिएबल म्हणून घाल आणि बी -६ चा किती उरतो बघ.

चहाबाज_एमए
फॉर्ममध्ये वय विचारलंच नाहीये.

खडू_फळा
नाव घेतलंयस ना? मग वयाऐवजी होस्टेल १, सोसायटी ० असा कॉलम आज रात्री हाताने भर. ६० च आहेत.