भावाला पॅन्क्रियाटायटिस, युलिनास्टॅटिन द्यावं का? अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ, वय 34, सांगलीत आयसीयूत आहे. आज चौथा दिवस. पित्ताशयातला खडा नळीत अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली. सीआरपी (रक्तातून सूज किती ते कळतं) काल 210, नाडी 120 च्या खाली येत नाही, ऑक्सिजन लावलाय. नाकातल्या नळीने फीड सुरू केलंय.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. जे ट्रिप्सिन आतड्यात जाऊन अन्न पचवतं, ते स्वादुपिंडातच जागं झालं आणि त्यालाच पचवायला लागलं. ते अडवायला युलिनास्टॅटिन द्यायचं म्हणतात : 2 लाख युनिट, दर 12 तासांनी, 5 दिवस. माणसाच्या लघवीतून शुद्ध करून काढतात म्हणे. आईला हे सांगितलेलं नाही. "गुण येईलच असं मी सांगू शकत नाही, तुम्ही ठरवा," असं डॉक्टर स्पष्ट बोलले. ते मला आवडलं, पण ठरवायचं कशावर?

रात्रभर वाचत बसले. आपल्याकडे 2013 मध्ये छापून आलेल्या चाचणीत गंभीर रुग्णांमधले मृत्यू कमी दिसले, पण रुग्ण फार थोडे होते. त्याच जातीचं औषध गॅबेक्सेट आणि सूज उतरवायला म्हणून आणलेलं लेक्सिपॅफंट, दोन्हींकडून मोठी आशा होती. मृत्यू काही कमी झाले नाहीत.

काकांनी प्रोबायोटिकच्या पुड्या आणून दिल्यात, "तोटा तर नाही ना" म्हणून. तोटा आहे हो! नेदरलँड्समध्ये 298 गंभीर रुग्णांवर चाचणी झाली, 2008 मध्ये निकाल आला. प्रोबायोटिक दिलेल्यांत 16 टक्के दगावले, न दिलेल्यांत 6 टक्के. पुड्या माझ्या पर्समध्येच आहेत. घरात असा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कळकळीने सांगते.

ज्यांच्या घरी युलिनास्टॅटिन दिलं, त्यांनी कितव्या दिवशी सुरू केलं? फरक कशात दिसला, तापात, श्वासात, रिपोर्टमध्ये? चौथ्या दिवशी सुरू करून उपयोग होतो का? सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिच्या साइटवर चालू चाचण्यांची नोंद असते, तिथून कुणी रुग्णाला चाचणीत घातलंय का? इथल्या डॉक्टर मंडळींनी, भावाच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सांगावं.

मघाशी कापसाने ओठ ओले करत होते तर म्हणाला, "ताई, चहा कधी देतील गं?"

संध्याकाळी 6 ला डॉक्टर भेटणार आहेत. त्याआधी कुणी लिहिलंत तर फार बरं होईल.