भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा?

‘मिशनऱ्यांनी दुष्काळात भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्माची दीक्षा) दिला’ हे विधान सरसकट पटत नाही. असं कुठेच घडलं नाही, असंही म्हणणार नाही.

पण पंडिता रमाबाईंचं पाहा. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीनेच गेले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्यानंतर, 1883 मध्ये. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यातूनच पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे नुसतं सदावर्त नव्हतं. शेती, विणकाम, छापखाना, सगळीकडे बायकाच राबत होत्या. आता तिथे धर्माची शिकवण होती का? होती, उघडपणे होती. त्यावर जरूर वाद घाला. पण रमाबाईंना भुकेची ओळख बायबलमधून झालेली नव्हती, एवढं लक्षात ठेवून.

आणि गंमत म्हणजे ही शंका खुद्द शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातच, आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर येशू लोकांना तोंडावर सांगतो, तुम्ही पोटभर भाकरी मिळाली म्हणून माझ्या मागे आलात. तरी आदल्या दिवशी वाढताना त्याने कुणाची श्रद्धा तपासली नव्हती.