रचनावादानं पोरं बिघडली म्हणे! मग छडीनं कोण घडलं तेही सांगा

खडूफळा (सातारा):
परवा इथंच एका पालकानं ज्ञानरचनावादावर, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकायच्या पद्धतीवर, लिहिलं: ‘मुलगी तिसरीत आहे, सातचा पाढा येत नाही. वर्गात मात्र फरशीभर रंगवून ठेवलंय. ज्ञानरचनावाद म्हणजे शिक्षकानं न शिकवण्याचं शास्त्र. आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही घडलो.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपलो, झोप लागली नाही.

जिल्हा परिषदेत माझी तेवीस वर्षं झाली. ‘आम्ही घडलो’ म्हणणारे तेवढे इथं लिहायला आहेत. माझ्या शेजारी बसणारा, तिसरीत उलट्या हातावर पट्टी खाऊन दुसऱ्या दिवसापासून म्हशींमागं गेलेला गडी इथं कुठनं लिहिणार? त्याला हिशोब उत्तम येतो, दूध डेअरीवाल्याला विचारा. शाळेत मात्र तो ‘ढ’ होता.

आणि फरशीचं म्हणाल तर कुमठे बीट, म्हणजे शाळांचा एक गट, आपल्याच जिल्ह्यातलं. राज्यभरातनं गाड्या भरून शिक्षक यायचे बघायला. पोरं काड्यांचे दशक बांधत होती, सोडत होती, तळफळ्यावर, म्हणजे भिंतीच्या तळाशी पोरांच्या उंचीवर केलेल्या फळ्यावर, स्वतः मांडत होती, आणि बाई गटागटातनं फिरून नेमक्या अडलेल्या पोराजवळ बसत होत्या. बघून गेलेल्यांनी नेलं काय? रंग. २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा जीआर आला आणि गावोगाव पेंटर कामाला लागले. मानसशास्त्रज्ञ पियाजेचं ‘मूल ज्ञान स्वतः रचतं’ एवढं सगळ्यांनी पाठ केलं. दुसरा मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की म्हणाला होता की जाणत्याचा हात लागतो, ते पान कुणी उलटलंच नाही. हा रचनावादाचा दोष की नकलेचा?

निवृत्त हेडमास्तर (कराड):
नकलेचा दोष, नकलेचा दोष! जी पद्धत फक्त असामान्य बाईंच्याच हातात चालते, ती पद्धत नव्हे, ती त्या बाईंची पुण्याई. साधा शिक्षक, दोन वर्ग एकत्र, वर खिचडीच्या नोंदी. त्याला झेपेल ते सांगा. अमेरिकेत १९६८पासून जवळजवळ दहा वर्षं ‘फॉलो थ्रू’ नावाचा प्रचंड प्रयोग झाला, गरीब पोरांवरच. निरनिराळ्या पद्धती शेजारी ठेवल्या. मूलभूत वाचन-गणितात पुढं कोण? शिक्षकानं पायरीपायरीनं थेट शिकवायचं, पोरांनी एकसुरात म्हणायचं, तो वर्ग. वर त्या पोरांचा आत्मविश्वासही कमी निघाला नाही. म्हणजे आमचं ‘बे एके बे’च की!

छडी २००९च्या कायद्यानं गेली, बरं झालं. पण छडीबरोबर पाठांतरही टाकून दिलंत. मला पावकी, निमकी, औटकी आजही येते. साडेतीन रुपये डझन असतील तर पोरगा मोबाईल काढतो.

खडूफळा:
गुरुजी, साडेतीन रुपये डझन काय मिळतं हल्ली?

विटेकरीण:
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. माझा मुलगा २०१९ला दुसरीत होता, त्याच वर्षी बालभारतीनं गणितात ‘वीस सात’ आणलं. बाजारात सासऱ्यांनी विचारलं, बाळा, किती झाले? हा म्हणाला, ‘साठ तीन’. भाजीवाली म्हणाली, साठ घेऊ का तीन? आजोबा त्या दिवसापासून शाळेवर जे चिडलेत ते आजतागायत. सगळं सोपं करायच्या नादात भाषाच मोडायला निघालात.

जतकर:
ताई, मोडली नाही. मंगला नारळीकरांच्या समितीचं म्हणणं साधं होतं: आपण ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात बोलतो, लिहिताना आधी दोन. पोरं ७२ लिहून बसतात. आमचा जत तालुका कर्नाटकच्या सीमेवरचा, इथं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात, झालं इप्पत्तेळु. जसं बोलतात तसं लिहितात. मी दोन्ही माध्यमांच्या शाळा जवळनं बघितल्यात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीला मराठी पोरं रडकुंडीला येतात, कन्नड पोरं येत नाहीत.

निवृत्त हेडमास्तर:
मग आता अंकही कर्नाटकातनं आणायचे? म्हणजे जत आपोआपच तिकडं गेलं म्हणायचं.

जतकर:
हे बोलायचं काम नाही. पाण्यासाठी आम्ही बोंबललो तेव्हा तुमचं कराड कुठं होतं? हिशोबाचं बोलतोय, हिशोबाचंच बोला.

विटेकरीण:
‘त्र्याहत्तर’सारखी जोडाक्षरं अवघड म्हणून काढायची तर उद्या ‘कृष्णा’ला ‘किसना’ लिहा.

जतकर:
म्हणायला किसनाच म्हणतो आम्ही.

विश्रामबाग:
कुणी माँटेसरीचं नाव काढलं नाही म्हणून मीच काढतो. आमच्या गल्लीत ‘माँटेसरी’च्या तीन पाट्या आहेत. १९०७ला रोममधल्या सॅन लोरेन्झोत, मजुरांच्या वस्तीत, त्या बाईंनी पहिलं बालगृह काढलं. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तीच बालशिक्षणाची वाट कोसबाडच्या आदिवासी पोरांपर्यंत घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि आमच्या गल्लीतल्या एकीनं माझ्याकडनं नुसत्या प्रवेशाचे जे घेतले, त्यात एक दुभती म्हैस आली असती. लाकडी ठोकळे कपाटात. पोरांना हात लावू देत नाहीत, हरवतात म्हणे!

पोवई नाका:
रोम, अमेरिका झालं, आता घरचं बघा की. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, आणि शिक्षण स्वतःच्या घामावर. गांधीजींची वर्ध्याची नई तालीम १९३७ची, टकळी-चरख्यातनं गणित शिकवायची. आमचे लोक त्याआधीच खडी फोडून शिकत होते. माझे आजोबा सांगायचे, क्षेत्रफळ मला फळ्यावर कळलं नाही, वाफे पाडताना कळलं. ह्याला पियाजे लागला नाही.

खडूफळा:
पियाजे वेगळं काय म्हणाला? आणि आज वाफे पाडायला लावून बघा. गेल्या वर्षी पोरांकडनं झाडांना पाणी घालून घेतलं, तर एका पालकानं व्हिडिओ काढून थेट वरपर्यंत पाठवला. खुलासा मी लिहिला, तीन पानी.

निवृत्त हेडमास्तर:
तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूनं. फक्त तेवढ्यापुरता.

खडूफळा:
मग मीही तुम्हाला एक मुद्दा देतो. पाढे पाठच पाहिजेत. आधी काड्यांनी कळू देत, पण मग पाठच. स्क्रीनशॉट काढा, फ्रेम करा, हॉलमध्ये लावा.

निवृत्त हेडमास्तर:
‘आधी कळू देत’ हे फ्रेममध्ये घेणार नाही.

मूळ पोस्टवाला बाप:
माझ्यावर एवढं रामायण झालं म्हणून सांगतो. काल पोरीला विचारलं, सात आठे किती? पाढा आलाच नाही. बसली, बोटं मोडली, म्हणाली, सात पंचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, दोन्ही मिळवले की छप्पन्न. हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही. मी तरी नाही. दोन मिनिटं लागली पण.

निवृत्त हेडमास्तर:
दोन मिनिटांत स्कॉलरशिपचे दोन प्रश्न जातात.

विटेकरीण:
ती छप्पन्न म्हणाली, का पन्नास सहा?