वाड्यांचं म्युझियम करा म्हणणाऱ्या सज्जनांना

महालचा_पोट्टा:
परवा इथंच एकानं लिहिलं, "नागपूरच्या महाल भागातले उरलेसुरले वाडे मालकांकडून काढून घ्या, दुरुस्त करून म्युझियम करा, नाहीतर हे लोक पाडून फ्लॅट स्कीम टाकतील." त्या 'हे लोकां'तला मी. आमचा वाडा 2011 साली पाडला. सातबाऱ्याचं सोडा, आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड) अकरा नावं, त्यातली दोन एकमेकांचं तोंड न पाहणारी. दर मे महिन्यात छपरावरचे कवेलू (कौलं) फेरायचे, माकडं नाचून गेली की पुन्हा फेरायचे. फेरणारे म्हातारे झाले, त्यांची पोरं ऑटो चालवतात. आजी गेली त्या रात्री देवघरात तीन घमेली मांडलेली होती. तुम्ही तिकीट काढून वीस मिनिटं 'वा वा' करणार. राहिलात कधी वाड्यात?

तर्री_जास्त:
नाही राहिलो. म्हणून पाडायचा का? पुण्यात विश्रामबागवाडा अजून उभा आहे.

सक्करदरा_चौक:
झालं, आलं पुणं! तो दुसऱ्या बाजीरावाचा वाडा. अकरा भावकीच्या घराशी त्याची बरोबरी कायले करता? अन् म्युझियमच पाहिजे तर अजब बंगला 1863 पासून आहे. शेवटचे कधी गेलते? शाळेच्या सहलीत नं?

तर्री_जास्त:
आपलं चांगलं काही नागपुरात येऊ देतात का? नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये सरकारनं लंडनच्या लिलावातून 47 लाखांच्या वर मोजून घेतली. आणली कुठं? मुंबईत!

सक्करदरा_चौक:
मग काय लंडनहून थेट आपल्या सोनेगाव विमानतळावर उतरवाची होती?

तर्री_जास्त:
हसा. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या 1953 च्या नागपूर करारापासून हेच चालू आहे. हिवाळ्यात येतात, अधिवेशन उरकतात, संत्र्याच्या पेट्या घेऊन परत जातात.

सक्करदरा_चौक:
वाड्याच्या धाग्यात वेगळा विदर्भ घुसवला याने! तुझ्या घरी गॅस संपला तरी नागपूर करारच का बे?

तर्री_जास्त:
बे कोणाला म्हणतो? नीट बोल.

चुना_विटा:
तलवारी म्यानात घाला दोघंही. जुन्या घरांची दुरुस्ती हा माझा धंदा आहे. वाडे पावसानं कमी, सिमेंटनं जास्त मेले. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, विटेला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. चुना आधी भिजत मुरवावा लागतो, मग घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी. मालकाला मात्र दिवाळीच्या आत रंग मारून पाहिजे असतो. पोट्टे साहेब, तुमच्याकडं काय मारलं होतं?

महालचा_पोट्टा:
सिमेंट. मान्य. बाबांना तेच परवडलं. चुन्याचं कोटेशन आलं त्याच वर्षी बहिणीचं लग्न होतं. तुम्ही उधारीवर केलं असतं काम?

चुना_विटा:
नसतं केलं. पण सागाचे खांब कुठं गेले ते तर सांगा.

महालचा_पोट्टा:
खांब एका टिंबरवाल्यानं नगावर उचलले. दिंडी दरवाजा मात्र सापडला. वर्धा रोडवरच्या एका लॉनच्या गेटला लावलाय, वर लायटिंग. मागच्या महिन्यात एका लग्नाला गेलो, सवयीनं वाकलो. कडीखाली खिळ्यानं कोरलेलं माझं नाव आहे, चौथीतल्या अक्षरात. वरून पॉलिश मारलंय.

तर्री_जास्त:
म्हणजे म्युझियम झालंच की. तिकीट किती?

महालचा_पोट्टा:
पाचशे एकाचं पाकीट.