मुलाची एडीएचडीची गोळी सुरू करताना : तुमचे अनुभव लिहा

अबोली
मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) निदान होऊन काही महिने झाले. आमच्याकडून आणि वर्गशिक्षिकांकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले, कारण त्रास नुसता शाळेत किंवा नुसता घरी दिसून चालत नाही, दोन्हीकडे दिसावा लागतो. ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे, आम्हा दोघांचं पालक-प्रशिक्षणही झालं. आता डॉक्टर मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू करू या म्हणतात.

गोळी द्यावी की देऊ नये हा वाद इथे नको, तो आमच्याकडे रोज रात्री जेवताना होतोच. ज्यांनी सुरू केली त्यांनी सांगा, पहिले काही आठवडे कसे गेले? मुलाला काय सांगितलंत? डब्याचं काय केलंत? सुरू करून बंद केली असेल तर तेही लिहा.

नाशिककर बाबा
आम्हाला पहिला झटका मेडिकलच्या दुकानात बसला. चिठ्ठी पुढे केली, दुकानदाराने आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'हे आम्ही ठेवत नाही.' पुढच्या दुकानातही तेच. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. विकायला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणून डॉक्टरांनाच विचारून घ्या की गावात कुठलं दुकान ठेवतं, आणि पाकीट संपत आल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी जा. दिवाळीत तर नक्कीच.

सुरुवात सकाळच्या ५ मिलिग्रॅमने झाली, मग आठवड्याआठवड्याने थोडं वाढवत नेलं. मी वहीत तीनच रकाने केले होते : भूक, झोप, आणि 'आज काय वेगळं दिसलं'. तिसऱ्या रकान्यात बरेच दिवस काहीच लिहिण्यासारखं नव्हतं. मग एकदा बायकोने लिहिलं, 'दप्तर स्वतः भरलं. कंपासपेटीसकट.' पोरगा शांत वगैरे झाला नाही हो, बोलतो तेवढाच. पण सुरू केलेलं वाक्य संपवतो आणि मग दुसरं सुरू करतो.

आमची गोळी साधी, चारेक तास चालणारी. शाळा सुटेपर्यंत तिचा असर उतरलेला असतो आणि त्या वेळी पोरगा भयंकर चिडका होतो. पेन्सिल सापडली नाही म्हणून रडारड. आम्ही एक नियम केला : घरी आल्यावर तासभर त्याला काहीही विचारायचं नाही. 'आज काय शिकवलं' तर मुळीच नाही. खायला द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

कोल्हापूरची आजी
मी नातवाकडे असते. गोळीचं नाव ऐकून मीच जास्त भांडले होते. एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी? आमच्या वेळी अशी पोरं नव्हती का? तेव्हा सून म्हणाली, 'होती की, आणि त्यांना अंगठे धरून उभं करायचे.' मी गप्प झाले, कारण अंगठे धरणाऱ्यांत माझा लेकच पहिला असायचा. हे घराण्यात चालत येतं, असं डॉक्टर सांगतात. आता लेकही म्हणतोय, मलाही तपासून घ्यायचंय.

खाण्याचं माझ्याकडून ऐका, तेवढं मला कळतं. गोळी घेतल्यावर दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो. त्यासाठी पोराला ओरडू नका, त्याला खरंच भूक नसते. गोळीच्या आधी भरपेट द्यायचं. आमच्याकडे सकाळी थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा, नाहीतर तुपातला शिरा आणि अंडं. डब्यात फार काही कोंबायचं नाही, एक राजगिऱ्याचा लाडू पुरे. रात्री साडेआठ-नवाला भूक अशी लागते की दोनदा जेवतो. जेवू दे. जेवणाची वेळ पाळायची शिस्त आता राहू द्या बाजूला. वजन मात्र दर महिन्याला करतो, वाण्याच्या काट्यावर नाही, दवाखान्यात.

वर्गात उभी (ठाणे)
मी शिक्षिका. काही पालक गोळी सुरू करतात आणि मुद्दामच सांगत नाहीत, म्हणजे बाईंचं मत पूर्वग्रहाशिवाय कळेल. युक्ती हुशारीची आहे, पण मला पटत नाही. औषधाचा भर असतो त्या वेळी मूल माझ्यासमोर असतं. डोकं दुखतंय म्हणाला तर मी ते निमित्त समजायचं का? डबा खाल्ला नाही म्हणून मागे लागायचं का? सांगा, आणि ते फक्त मला सांगा असंही सांगा.

आणि घरी, शाळेत, शिकवणीत, कुठेही चारचौघांत 'आज गोळी घेतली नाहीस वाटतं?' हे वाक्य कुणी उच्चारू नये. मी स्टाफरूममध्ये ते हसत हसत म्हटलेलं ऐकलंय.

दूरदेशी (न्यू जर्सी)
इकडे औषध सुचवायला कुणी बिचकत नाही, मुलांचे नेहमीचे डॉक्टरच लिहून देतात. कटकट वेगळीच आहे. कायद्याने जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही, दर वेळी नवी चिठ्ठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅडरॉल या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाचा तुटवडा जाहीर झाला, तेव्हा आम्ही रोज फार्मस्यांना फोन करत होतो. ज्यांचं औषध मिळेना ते दुसऱ्या औषधाकडे वळले, मग तेही मिळेनासं झालं. अ‍ॅडरॉल भारतात मिळत नाही, त्यामुळे इथून सुट्टीत तिकडे जाणार असाल तर औषधाचं आधी डॉक्टरांशी बोला.

मुलीला गिळता येत नव्हतं. आमची कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरावर टाकून देता येतात, फक्त ते दाणे चावायचे नाहीत. पण प्रत्येक कॅप्सूल अशी नसते, फार्मासिस्टला विचारल्याशिवाय काही उघडू नका.

इथल्या मराठी मंडळात मात्र हा विषय निघत नाही. ढोल-ताशाच्या सरावाला सगळे तास तास भेटतो, पोरांच्या गणिताच्या क्लासची फी सांगतो, हे नाही सांगत.

सदाशिवपेठी
माझी लेक दंगा करणाऱ्यातली नाही, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्यातली. म्हणून सातवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे म्हणायचे, वेंधळी आहे, मोठी झाली की सुधारेल. काळजी करण्याचा स्वभाव आणि डोळे मिचकावण्याची सवय होती म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं वेगळ्या प्रकारचं औषध निवडलं. ते पहिल्या दिवशी काही दाखवत नाही, पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे तरी लागतात. सुरुवातीला मळमळ होती, जेवणानंतर द्यायला लागल्यावर कमी झाली. मूड उतरतोय का, नको ते विचार बोलून दाखवते का, यावर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्या काळात मी ठेवलंही.

ही कॅप्सूल उघडायची नसते, आतली पूड डोळ्यांना झोंबते. गिळायचा सराव आधी करून घेतला : बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, मग साखरफुटाणे, मग रिकामी जिलेटिनची कॅप्सूल. हनुवटी किंचित खाली घेऊन पाणी प्यायचं. साखरफुटाण्यांचा सराव तिने गरजेपेक्षा जास्तच केला.

वऱ्हाडी बाप
आम्ही बंद केली, तेही ऐका. पोरगं हसायचं थांबलं. नखाजवळची कातडी सोलत बसायचं. क्रिकेट बघताना ओरडणारा पोरगा सोफ्याच्या कोपऱ्यात गप. शाळेतून मात्र फोन आला, 'खूप सुधारणा आहे.' बायको म्हणे, ही सुधारणा मला नको. डोस कमी करून पाहिला, तरी तेच. डॉक्टरांशी बोलूनच थांबवली. ते म्हणाले, दुसरं औषध आहे, पाहू. सध्या उन्हाळ्याच्या सुट्या आहेत, घाई नाही.

डॉ. आडवाटेचा
मी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ. इथे कुणाचा डोस सांगणार नाही, पण वऱ्हाडी बापांनी लिहिलंय ते सगळ्यांनी दोनदा वाचा. 'अगदी गप्प झाला हो' असं पालक आनंदाने सांगतात तेव्हा मी सावध होतो. मूल कोमेजलं तर बहुधा डोस जास्त आहे किंवा औषध त्याचं नाही. गप्प बसणं हे औषधाचं काम नाही.

सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब मोजून घ्या. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदय बंद पडून गेलं आहे का, मूल खेळताना कधी बेशुद्ध पडलं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. ईसीजी प्रत्येकालाच लागतो असं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालक-प्रशिक्षण, औषध नंतर.

अमेरिकेत एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये निष्कर्ष आले. ५७९ मुलं, १४ महिने. एकाग्रता आणि चंचलपणावर नीट देखरेखीखालचं औषध एकट्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही मिळाली त्या मुलांना औषध तुलनेने कमी लागलं. पण तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला तो फरक उरला नव्हता. मी हे दोन्ही निष्कर्ष पालकांना सांगतो, फक्त पहिला सांगणं सोयीचं असतं. आम्ही डॉक्टर 'ही गोळी म्हणजे चष्मा' असं समजावतो, तेही अर्धंच खरं. चष्म्याने भूक मरत नाही आणि उंचीची वाढ मंदावत नाही. म्हणून दर काही महिन्यांनी मोजमाप.

एकवीस पूर्ण
मी ते मूल आहे. तिसरीपासून घेतोय. घरी सांगितलं होतं, 'व्हिटॅमिनची गोळी आहे.' सहावीत पाकिटावरचं नाव गूगलवर टाकलं. गोळीचा राग नाही आला, व्हिटॅमिनचा आला. मुलाला नाव सांगा, कशासाठी ते सांगा, आणि त्याला नको वाटलं तर ते कुणाला सांगायचं तेही सांगा. मी अजून घेतो. पहिल्या लेक्चरच्या आधी.

अबोली
सगळ्यांचे आभार. आम्ही सुरू केली. एकवीस पूर्ण, तुमचं वाचून त्याला नाव-गाव सगळं सांगितलं. त्याने विचारलं, 'मग गृहपाठ मी केला की गोळीने?' मला पटकन उत्तर सुचलं नाही. आणि एक प्रश्न, रविवारी द्यायची का?

एकवीस पूर्ण
गोळीला सातचा पाढा येत नाही म्हणावं.

डॉ. आडवाटेचा
अ‍ॅटोमॉक्सेटिन मध्येच चुकवायचं नाही, ते रोजचं. मिथाइलफेनिडेटला सुट्टी देता येते, पण ती तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. काही मुलांना शाळेपेक्षा मैदानावर आणि मित्रांत त्याची जास्त गरज असते.

नाशिककर बाबा
आम्ही डॉक्टरांना विचारून रविवारी देत नाही, त्या दिवशी दोन्ही वेळा मटण चेपतो. लग्नाकार्याला जायचं असेल तर मात्र देतो. मागे एका मुंजीत दिली नव्हती. भटजींच्या समिधा अजून सापडलेल्या नाहीत.